चारशे बारा नंबरचं औषध

२४ सप्टेंबर. ४१२. मागचा डावा पाय. १० मिली. ग्रा.

शेडच्या दारामागे एक तक्ता टांगलेला असे, आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. जनावराचा नंबर, दुखणं कुठं, औषध किती, दिलं कोणी. ग्रावर्स तेवीस वर्षं हा तक्ता भरत होता. वरची ओळ त्याच्याच हातची आहे आणि ती खरी आहे. तिच्यानंतरच्या किती खऱ्या, ते पुढं येईल.

त्याच्या स्वतःच्या पायाचं आधी सांगायला हवं, कारण ते दोन आठवडे आधी झालं. बार्ली कापून झाली होती. खाडीवरून वारा सुटला होता, आणि साल्लिंगच्या त्या सपाट मुलखात वाऱ्याला अडवायला डुकरांच्या शेडांशिवाय काही नव्हतं. ग्रावर्स गाभण डुकरिणींच्या खोलीतला ओला पेंढा उपसत होता. दाताळं त्याने भिंतीला टेकवलं ते घसरून आडवं झालं, दात वर. तेवढ्यात चारशे बाराने त्याला मागून ढुसणी दिली. ती सातव्या वेताची, अडीचशे किलोची बाई. कान खाजवून घ्यायची तिला सवय होती आणि मागणी करायची तिची हीच रीत होती. तो एक पाऊल मागे गेला. दाताळ्याचा दात गमबुटातून टाचेत गेला.

आधी काहीच वाटलं नाही. मग बुटात ऊब आली.

त्याने आधी तिचे कान खाजवले. मग नळीच्या पाण्याने टाच धुतली, पिल्लांच्या बेंबीवर मारायचा निळा फवारा तिच्यावर मारला, मोजा चढवला आणि उरलेला पेंढा उपसला. घरी बायकोला, बोडिलला सांगितलं, खरचटलंय.

पंधरा दिवसांत टाच उकडलेल्या बटाट्यासारखी झाली. बोडिल म्हणाली डॉक्टरकडे जा. ग्रावर्स म्हणाला, तसं काही वाईट नाही. त्या भागात हे वाक्य सगळ्याला पुरतं. पीक भरघोस आलं तरी तेच, छप्पर उडालं तरी तेच.

खरं कारण वेगळं होतं. तीन वर्षांपूर्वी हर्नियासाठी तो जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात गेला होता. कागदावर प्रश्न होता: सहा महिन्यांत जिवंत डुकरांशी संबंध आला आहे का? त्याने हो लिहिलं. मग त्याला पुढच्या दाराने नाही, बाजूच्या दाराने नेलं, जिथं कचऱ्याचे डबे असतात. पिवळे झगे, तोंडाला मास्क, दारावर पाटी. डुकरांच्या शेडातला तो जंतू, जो निम्म्या औषधांना दाद देत नाही, त्या वर्षी रोज पेपरात येत होता. बाजूच्या दारातून आत जाताना काचेपलीकडे चर्चच्या समितीतला थोरकिल बसलेला दिसला. थोरकिलने हात वर केला. अर्धाच वर केला. तो अर्धा हात ग्रावर्सच्या मनातून गेला नव्हता.

म्हणून तो गेला नाही.

आणि चोवीस सप्टेंबरला चारशे बारा लंगडायला लागली. मागचा डावा पाय. त्याचाही डावाच.

जनावरांचा डॉक्टर मोगेन्स येऊन गेला. तो ग्रावर्सबरोबर शाळेत होता. लंगड्या डुकरिणींसाठी असते ती बाटली त्याने दिली, रोज दहा मिली म्हणाला, चार-पाच दिवसांत पळायला लागेल. ग्रावर्स औषधांच्या खोलीत उभा राहून सिरिंज भरत होता, आणि त्याच्या मनात जे आलं ते त्या मुलखातल्या शंभर शेडांमध्ये शंभर जणांच्या मनात कधी ना कधी आलेलं आहे. लंगड्यांचं औषध. मीही लंगडा.

ते सव्वीस तारखेला. सुई दंडात घालायला जमली नाही, मांडीत घातली. चारशे बारा गजांपलीकडे आडवी पडून बघत होती.

तक्त्यावर त्याने दहा लिहिलं.


१७ ऑक्टोबर. ४१२. मागचा डावा पाय. १० मिली. ग्रा.

त्याची टाच उतरली. दोन दिवसांत उतरली, मग चढली, मग पुन्हा उतरली. चारशे बाराची उतरली नाही.

मोगेन्स दुसऱ्यांदा आला तेव्हा तिच्यापाशी उकिडवा बसून बराच वेळ तिचा घोटा दाबत राहिला. रोज दहा देतोयस ना, त्याने विचारलं. ग्रावर्सने तक्त्याकडे बोट दाखवलं. मोगेन्सने डोकं खाजवलं. दहाने ही उठायला हवी होती, तो म्हणाला. मग त्याने आणखी एक बाटली दिली.

एकोणीस तारखेला ती खाणं सोडून भिंतीकडे तोंड करून पडली. ग्रावर्सने बोडिलला बोलावलं. हे काम दोघांचं. एकाने कान खाजवायचे, दुसऱ्याने जनावर मारायचं बोल्टचं पिस्तूल कपाळावर टेकवायचं. बोडिल गुडघ्यांवर बसली, तिच्या कानामागे खाजवत राहिली, बाई गं, बाई गं, असं काहीतरी म्हणाली. पिस्तूल उडालं. पाय ताठ झाले, मग सैल झाले.

दुपारी तिला रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या झाकणाखाली ठेवलं. मेलेली जनावरं नेणारी गाडी येऊन घेऊन गेली. बोडिलने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दाताच्या डॉक्टरच्या वेळेखाली लिहिलं: ४१२ गेली.


२१ नोव्हेंबर. ४१२. मागचा डावा पाय. १० मिली. ग्रा.

तारखा पुन्हा बघितल्या तरी चालतील. चूक नाही.

बाटली संपली की तक्त्यावर तिचा हिशोब लागला पाहिजे. तपासनीस येतात, बाटल्या मोजतात, ओळी मोजतात. म्हणून ग्रावर्सला कुणाच्या तरी नावावर लिहिणं भाग होतं. जिवंत डुकरिणीच्या नावावर लिहिलं असतं तर तिला कित्येक दिवस कत्तलखान्याला पाठवता आलं नसतं. औषध अंगात असलेलं जनावर जात नाही. मेलेली कुठंच जायची नसते. त्याला ते नीटनेटकं वाटलं. त्याच्या नीटनेटकेपणाचं गावात कौतुक होतं.

मधे एवढं झालं होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी तो पिल्लं मोजता मोजता पिंजऱ्याच्या गजाला धरून खाली बसला. बोडिलने ताप बघितला, एकोणचाळीस पूर्णांक सहा. तिने विचारलं नाही, सरळ इस्पितळाला फोन लावला आणि आमच्याकडे डुकरं आहेत असं पहिल्याच वाक्यात सांगितलं. तेच बाजूचं दार. पिवळ्या झग्यातली नर्स चाकाची खुर्ची घेऊन बाहेर पावसात उभीच होती. फार मायेने वागली. सगळेच मायेने वागले. त्याचंच त्याला जास्त लागलं.

डॉक्टर सिसेल बाई चाळिशीच्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या गावातल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी पडद्यावर टाचेचं हाड दाखवलं. एका कोपऱ्यात उंदराने कुरतडल्यासारखं दिसत होतं. जंतू हाडात शिरलेत, त्या म्हणाल्या. हाडात औषध सहज पोचत नाही, म्हणून आधी कोणता जंतू आहे ते कळलं पाहिजे. नाकात डुकरांचा जंतू सापडला आहे, पण नाकातला तोच हाडातला असेलच असं नाही. तर दोन आठवडे कसलंही जंतूंवरचं औषध घ्यायचं नाही. मग हाडाला छिद्र पाडून तुकडा काढायचा आणि त्यात काय वाढतं ते पाहायचं. अंगात औषध असलं तर जंतू अर्धमेले होतात आणि प्रयोगशाळेत उगवतच नाहीत.

"सध्या काही घेताय?" त्यांनी विचारलं.

"डोकं दुखलं तर गोळी," ग्रावर्स म्हणाला.

बोडिल शेजारी पिवळ्या झग्यात बसली होती. तिने मान डोलावली. नवऱ्याच्या वतीने डोलावली.

घरी आल्यावर त्याने पाच दिवस सोडलं. खरंच सोडलं. सहाव्या दिवशी टाचेत ठोके पडायला लागले, रात्रंदिवस, दूरच्या शेतात कुणी खुंट ठोकतंय तसे. त्याच आठवड्यात अडतीस डुकरिणी व्यायच्या होत्या. कामाला रुमानियाची दोइना होती, एकटी किती करणार. त्याने स्वतःला सांगितलं, एकदाच. आणि पुढचे सगळे दिवस रोज एकदाच.

दोइनाने त्याला पाहिलं. त्याचा एक हात औषधांच्या फ्रीजवर, पँट गुडघ्यावर, सुई मांडीत. ती वारेची बादली घेऊन आत आली होती. तशीच मागे फिरली. तासाभराने पिल्लं पुसता पुसता तिने विषय काढला.

"माझा काका गाईचं औषध घ्यायचा, मालक."

"मग?"

"मग मेला."

ग्रावर्सने मान वर केली.

"ट्रॅक्टरखाली," दोइना म्हणाली, आणि पुढचं पिल्लू उचललं. तिने कुणाला सांगितलं नाही. ती सांगणार नाही हे दोघांनाही माहीत होतं, आणि त्या दिवसापासून ग्रावर्स तिला चहाच्या सुट्टीत स्वतः कॉफी ओतून द्यायला लागला. दोइनालाही त्याचं अवघड व्हायचं. कप दोन्ही हातांत धरून ती दुसरीकडे बघायची.


९ डिसेंबर. ४१२. मागचा डावा पाय. १० मिली. ग्रा.

हाडाच्या तुकड्यात काहीच वाढलं नाही.

डॉक्टर सिसेलनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चकित होता. त्यांनी पुन्हा विचारलं, औषध नक्की बंद होतं ना. नक्की, तो म्हणाला. मग त्या म्हणाल्या, आता अंदाजाने गोळ्या द्याव्या लागतील. अंधारात दगड मारल्यासारखं आहे, पण हात बांधून बसण्यापेक्षा बरं. ग्रावर्सने फोन ठेवला आणि फ्रीजमधलं लोणी उगाच एका कप्प्यातून दुसऱ्यात ठेवलं.

इस्पितळाने बोडिलच्या नाकाचाही नमुना घेतला होता. तिच्यातही तोच जंतू निघाला. तिला त्याचा काही त्रास नव्हता. पण ती दर बुधवारी गावातल्या वृद्धाश्रमात पियानो वाजवायची. म्हाताऱ्यांना जुनी गाणी हवी असायची. एक बाई तर नवऱ्याचं नावही विसरली होती, पण गाण्याची सगळी कडवी म्हणायची. अकरा वर्षं बोडिलचा एक बुधवार चुकला नव्हता. तिथल्या व्यवस्थापिकेने फोन केला. फार वेळ बोलली, फार माफी मागितली. काही दिवस थांबू या, एवढाच त्याचा अर्थ होता.

बोडिल म्हणाली, हो, बरोबर आहे तुमचं. म्हातारी माणसं आहेत.

पुढच्या मंगळवारी तिने केक केला. नेहमीचा, दालचिनीचा. बुधवारी वृद्धाश्रमाच्या दारात डबा ठेवून, बेल वाजवून, कुणी यायच्या आत गाडीत येऊन बसली. गुरुवारी तोच डबा यांच्या पायरीवर होता. बाहेरून पुसलेला. आत केक तसाच, सुरी न लागलेला, आणि वर चिठ्ठी: मनापासून आभार.

बोडिलने तो केक टाकला नाही. कापून टेबलावर ठेवला. ग्रावर्सने चार दिवस तो खाल्ला, सकाळी, दुपारी, शेवटी कोरडा ठणठणीत झाला तरी. ती समोर बसून त्याला खाताना बघायची. दोघंही केकबद्दल काही बोलले नाहीत.

आणि केक संपला त्या संध्याकाळीही तो शेडात गेला. गोळ्या चालू होत्या, पण गोळ्यांनी ठोके थांबत नव्हते, सुईने थोडे थांबायचे.


२८ जानेवारी. ४१२. मागचा

ही ओळ अर्धी आहे, कारण पेन्सिल मोडली आणि त्याच वेळी दार उघडलं.

शेडात शिरण्याआधी एक खोली असते. मधे गुडघाभर उंचीचा बाक. बाकाच्या अलीकडे घरचे कपडे, घरची पायताणं, पलीकडे शेडचे. कुणी काही ओलांडायचं नाही. बोडिल मोजे घालून अलीकडे उभी राहिली. हातात हिरवी फाइल. वर्षभराचे भरलेले तक्ते तिच्यात लावलेले असायचे, आणि वर्ष संपलं की ती ते संगणकावर चढवायची. ग्रावर्स पलीकडे, गमबुटात. टाच फेब्रुवारीतल्या तपासणीची वाट न बघता फुटली होती. बुटात फडका कोंबलेला होता आणि त्यातून पिवळं झिरपत होतं. गेल्या आठवड्यात डॉक्टर सिसेलनी पाय कापण्याबद्दल बोलताना पहिल्यांदा 'गुडघ्याखालून' हा शब्द उच्चारला होता. अगदी हळू, पण उच्चारला होता.

"चारशे बारा कधी गेली?" बोडिलने विचारलं.

"ऑक्टोबरात."

"एकोणीस तारखेला. कॅलेंडरवर आहे. दाताच्या डॉक्टरच्या खाली."

तो बाकावर बसला. पलीकडच्या बाजूने.

"मग डिसेंबरात कुणाचा पाय दुखत होता?"

शेडातून डुकरिणींची गुरगुर येत होती, खाण्याची वेळ झाली होती. ग्रावर्सने कत्तलखान्याचं सांगितलं. जिवंत जनावराच्या नावावर घातलं असतं तर ते अडकलं असतं, मेलेलीचं कुणाचं काही बिघडत नाही. सांगता सांगता त्यालाच ते ऐकू आलं.

बोडिल उभीच होती. "मी तिथं मान डोलावली," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं, काही घेताय का. आणि मी मान डोलावली."

तिने हात पुढे केला. त्याने खिशातून औषधांच्या फ्रीजची किल्ली काढून बाकावरून दिली. ती निघून गेली. फाइल घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मोगेन्स आला. बोडिलने त्याला बोलावलं होतं आणि सगळं सांगितलं होतं. तो स्वयंपाकघरात बसून काळ्या पावावर लोणी फासत राहिला, जाडच्या जाड, आणि खाईना. औषध त्याच्या सहीने येत होतं. हे त्याला वरती कळवावं लागणार होतं.

"दहा मिली अडीचशे किलोच्या बाईचा डोस आहे," तो शेवटी म्हणाला. "तू नव्वद किलोचा. चढला कसा नाही रे तुला?"

"मी कमी घ्यायचो."

"किती?"

"कमी."

मोगेन्सने त्याच्याकडे बघितलं. शाळेत ग्रावर्स परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीत बघायचा तेव्हा मोगेन्स बघायचा तसं. मग पाव तसाच ठेवून उठला.

त्यानंतरचे दोन आठवडे खरे होते. सुई नाही, आणि हाडाचा तुकडा पुन्हा काढायचा म्हणून गोळ्याही डॉक्टरांनी थांबवल्या. ग्रावर्स खिडकीपाशी पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसायचा. बाहेर बोडिल आणि दोइना वाऱ्यात वाकून शेडाकडे जाताना दिसायच्या, परत येताना दिसायच्या. सत्तावन्न वर्षांची बोडिल त्याचा मोठा अंगरखा घालून जायची, बाह्या दुमडून. ताप आला. हुडहुडी भरली की खुर्ची फरशीवर खडखडायची. दोइना एकदा दारात डोकावली, चारशे तीसला सोळा पिल्लं झाली म्हणाली, आणि त्याला काय करावं ते कळेना म्हणून त्याने तिला कॉफी देऊ का विचारलं. उठता येत नव्हतं. तिने स्वतःच ओतून घेतली आणि त्यालाही दिली.

रात्री बोडिल त्याची टाच बांधायची. फडका सोडताना वास यायचा. ती तोंड फिरवायची नाही. तिने दोनदाच सांगितलं, तू सांग नाहीतर मी सांगेन. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.


खोली ३. डावी टाच. दर आठ तासांनी. सि.

इस्पितळातही पलंगाच्या पायथ्याशी तक्ता असतो. कोण, कुठं, किती, कोणी. ग्रावर्सला तो पहिल्या दिवसापासून वाचता येत होता.

हाडाचा तुकडा पुन्हा काढला होता. या वेळी वाढलं. भरपूर वाढलं. डॉक्टर सिसेल पिवळ्या झग्यात आल्या, संगणकाची गाडी ढकलत, आणि पलंगाशेजारी स्टुलावर बसल्या. बोडिल खिडकीपाशी होती. तिच्या मांडीवर फ्रीजरची पारदर्शक पिशवी होती, आणि पिशवीत हिरवी फाइल. शेडची कुठलीही वस्तू या खोलीत पिशवीतूनच यायची. नर्सने मायेने तसंच सांगितलं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, डुकरांचाच जंतू आहे. पाय वाचेल बहुधा. टाचेचा कोपरा कापून काढावा लागेल आणि सहा आठवडे शिरेतून औषध, इथंच, याच खोलीत. खरं तर त्यांच्या मनात दुसरं होतं. एक गोळी आहे, हाडात छान उतरते. आठ-दहा दिवसांनी घरी पाठवता आलं असतं, घरी बसून घेता आली असती. ती आता चालत नाही.

"आणि मला तेच कळत नाहीये," त्या म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर दोन याद्या शेजारी शेजारी आणल्या. "हा तुमच्या नाकातला, नोव्हेंबरातला. हा हाडातला, आत्ताचा. तोच जंतू. पण नोव्हेंबरात ती गोळी त्याला मारत होती. आता त्याला तिचं काही वाटत नाही. चार महिन्यांत कुणीतरी त्याला शिकवलंय. थोडं थोडं देऊन शिकवतात तसं." त्यांनी याद्यांवरून नजर काढली. "मधे काय झालं?"

खिडकीच्या काचेवर गारांसारखा पाऊस वाजत होता. ग्रावर्स पलंगाच्या पायथ्याच्या तक्त्याकडे बघत होता. बोडिलने पिशवी उघडली. शेडचा वास खोलीत पसरला, आंबट, उबदार. तो वास ग्रावर्सला एरवी येत नसे. आज आला. त्याचे कान तापले.

"लंगड्या डुकरिणींचं औषध," तो म्हणाला. "मांडीत घ्यायचो. मीच."

डॉक्टरांनी औषधाचं नाव विचारलं, त्याने सांगितलं, आणि त्यांनी डोळे मिटून उघडले. ती गोळी त्याच औषधाच्या घराण्यातली आहे, त्या म्हणाल्या. मग त्यांनी झग्याच्या बाह्या मागे घेतल्या आणि हातमोजे घातलेली बोटं कळफलकावर ठेवली. किती, आणि कधीपासून. जितकं नेमकं सांगाल तितकं बरं.

त्याला नेमकं आठवत नव्हतं. नेमकं एकाच ठिकाणी होतं.

फाइल संगणकाजवळ न्यायची नव्हती, म्हणून बोडिलने वाचायचं ठरलं. तिने चष्मा लावला. चर्चमध्ये म्हणायच्या गाण्यांचे क्रमांक सांगते त्या आवाजात सुरुवात केली. चोवीस सप्टेंबर, चारशे बारा, दहा मिली. हे तिचं, ग्रावर्स म्हणाला. पंचवीस सप्टेंबर, चारशे बारा, दहा. हेही तिचंच.

"तुमचं कुठून सुरू होतं?" डॉक्टरांनी विचारलं. "ती गेल्यानंतर?"

बोडिलने पानं पुढे उलटायला घेतली. एकोणीस ऑक्टोबरनंतरचं पान तिने आधीच दुमडून ठेवलं होतं.

"नाही," ग्रावर्स म्हणाला. "पुढचीच ओळ वाच."

तिने पान परत मागे घेतलं. "सव्वीस सप्टेंबर. चारशे बारा. दहा मिली."

"पाच तिचे," तो म्हणाला. "पाच माझे."

कळफलकाचा आवाज थांबला. बोडिलने वर बघितलं नाही. तिचं बोट त्या ओळीवर होतं, आणि ते बोट ओळीवरून हळूहळू खाली सरकलं, दहा, दहा, दहा, पानाच्या शेवटपर्यंत, ग्रावर्सच्या त्या सरळ नीटनेटक्या आकड्यांवरून. कानामागे खाजवायचा हात तोच होता.

त्याला वाटलं, आता ती फाइल मिटेल. आता बाहेर जाईल. झगा काढून डब्यात टाकून जाईल.

"सत्तावीस सप्टेंबर," बोडिल म्हणाली. "चारशे बारा. दहा मिली."

"पाच."

"अठ्ठावीस."

"पाच."

तिने एकही दिवस गाळला नाही. सगळ्या ओळी वाचल्या, आणि प्रत्येक ओळीनंतर तो बोलेपर्यंत थांबली. दोन दिवस तर पूर्ण त्याचेच निघाले, टाच फार चढली होती तेव्हाचे. मोगेन्स तपासायला आला त्या दिवशीचाही आकडा आला. अठरा ऑक्टोबर आली आणि गेली. मग बोडिल थांबली.

"एकोणीसला ओळ नाही," ती डॉक्टरांना म्हणाली. "त्या दिवशी ती गेली."

"मग त्या दिवशी काही नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या तारखेकडे वळल्या.

"त्या दिवशी दहा," ग्रावर्स म्हणाला. "सिरिंज भरलेली होती. सगळे मी घेतले."